बॅटरी मरते वैशाखात, कळते मार्गशीर्षात
मार्गशीर्षातली पहाट. निपाणीकडच्या एखाद्या अंगणात यल्लम्माच्या दर्शनाला, सौंदत्तीला निघालेली गाडी उभी आहे. डिकीत शिदोरी, मागच्या सीटवर शाल पांघरलेली आजी आणि पेंगणारी पोरं. चावी फिरवली की बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक. थंडीनं गाडी बसली, असं सगळेच म्हणतात.

खरं तर बेळगाव भागातल्या बारा-चौदा अंशांच्या थंडीत धडधाकट बॅटरी बसत नाही. गारव्यात शिशाच्या प्लेटा आणि आम्ल यांच्यातली क्रिया मंदावते, म्हणून दुपारच्या मानाने तिची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. त्याच वेळी इंजिन ऑइल दुप्पट-तिप्पट घट्ट झालेलं असतं, त्यामुळे स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरला, जोरही जास्त लागतो. चांगली बॅटरी हे दोन्ही सोसते. जी सोसत नाही तिचा आजार एप्रिल-मेमधला असतो. अथणी-रायबागकडे बाहेर चाळिशीचं ऊन असलं की बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते. पण उन्हाळ्यात ऑइल पातळ आणि इंजिन हलकं, म्हणून खंगलेल्या बॅटरीवरही गाडी चालू होत राहते.

त्यामुळे तीन वर्षं झालेली बॅटरी लांबच्या प्रवासाआधी तपासलीच पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर तिच्या भरवशावर निघू नका.

आवाजावरूनही बरंच कळतं. स्टार्टरच्या सोलेनॉइडला (मोटर जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला) ओढायला थोडा करंट पुरतो, पण मोटर जोडली गेली की ती १००-२०० अँपिअर मागते. कमजोर बॅटरीचं व्होल्टेज तिथेच कोसळतं आणि सोलेनॉइड सुटतो. ओझं उतरल्यावर व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढतो. टक-टक ती हीच. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका, बिघाड इंधनाच्या किंवा इग्निशनच्या बाजूला शोधा. जुन्या डिझेल गाडीत मात्र डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, तोवर ग्लो प्लग नावाचे हीटर सिलिंडर आतून तापवतात. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं आणि गार सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो.

आधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचे केबल जोडायचे खांब, पाहा. खांबाभोवती पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर निम्मा दोष तिचाच. १५० अँपिअरच्या वाटेत ओमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच जातं. इंजिन बंद करून दहाचा पाना घ्या (बऱ्याच गाड्यांना तोच बसतो) आणि काळी केबल आधी सोडवा. लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. फेस आला म्हणजे तिथे आम्ल होतं. झाकणांतून सोडा आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसून लाल आधी, काळी शेवटी आवळा आणि वर व्हॅसलीन चोपडा.

एवढ्यानंही जमलं नाही तर दुसऱ्या गाडीची मदत घ्यायची. हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर भेटतातच. ट्रॅक्टर सहसा १२ व्होल्टचा असतो, तो चालेल. मोठा ट्रक किंवा बस २४ व्होल्टची असते. तिच्यावरून जम्पर (दोन बॅटऱ्या जोडायच्या केबली) लावला तर गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. लाल केबल बंद बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावा. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मग स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर मोटर तापते.

धक्का देणं हा शेवटचा उपाय, तोही फक्त हाताच्या गिअरच्या गाडीत, सपाट रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून तवंदी घाटासारख्या उतारावर हा प्रयोग कधीही करू नका.

गाडी चालू झाली की मल्टिमीटर पुन्हा लावा. १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारं जनित्र, ठीक आहे. दारात दहा मिनिटं नुसती फुरफुरवून काही भरत नाही. पाऊण तास सलग चालवा, तोवर वाटेतल्या यरगट्टीच्या चहालाही इंजिन बंद करू नका. एकजण गाडीत थांबेल, बाकीचे उतरतील. आकडा १३ च्या वर जातच नसेल तर बेल्ट किंवा अल्टरनेटर गेलेला असतो आणि गाडी उरलेल्या बॅटरीवर धावत असते. अशा वेळी देवदर्शन पुढे ढकला आणि उजेड असेपर्यंत, हेडलाइट न लावता, जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्या.