डासांच्या मशीनची बाटली का गळते?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडच्या आमच्या घरी पलंगाशेजारच्या स्विचबोर्डाखाली बोटभर रुंदीचा एक तेलकट ओघळ दिसू लागला. प्रथम ओल आली असावी असे वाटले, कारण पावसाळ्यात भिंतींना ओल येणे पुण्यात नवीन नाही. पण ओल कडेकडेने पसरते आणि वाळली की पांढरट पडते. हा ओघळ मात्र बोर्डापासून सरळ खाली उतरला होता, बोटाला बुळबुळीत लागत होता आणि त्याला अत्तराच्या आडून रॉकेलसारखा मंद वास येत होता. डास पळवणाऱ्या मशीनची बाटली फिरवून काढली, तेव्हा तिच्या गळ्याभोवती, बूच जिथे प्लास्टिकला टेकते नेमके तिथे, द्रवाचे एक चकचकीत कडे जमलेले दिसले. बाटलीला कुठेही तडा नव्हता. आठ दिवसांपूर्वी लावलेली ती बाटली निम्मी रिकामी झाली होती.

भोक नसताना बाटली गळते कशी, हे समजण्यासाठी आधी ती एरवी का गळत नाही ते पाहावे लागते. या बाटलीत कीटकनाशकाचा अंश फार थोडा असतो. ट्रान्सफ्लुथ्रिनसारखे रसायन शेकडा एक-दोन भागांच्या आसपास आणि उरलेला बहुतेक भाग वास काढून टाकलेल्या रॉकेलवर्गातल्या पातळ तेलाचा. त्यात उभी बुडवलेली वात म्हणजे सूक्ष्म छिद्रांनी भरलेली एक कडक कांडी असते. या छिद्रांतून तेल स्वतःहून वर चढते, त्याला केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितके अरुंद, तितके तेल उंच चढते. वातीतल्या एखाद्या छिद्राचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग धरला, तर हिशेबाने तेल त्यातून सुमारे ७० सेंटिमीटर वर जाऊ शकते. बाटलीतली वात तर जेमतेम बोटाएवढी. मग तेल वातीच्या टोकावरून भसाभस वाहत का नाही? कारण जे आकर्षण तेलाला छिद्रात वर ओढते, तेच त्याला छिद्राच्या तोंडाशी धरूनही ठेवते. टोकाशी आलेले तेल भोवतीच्या, मशीनमधल्या विजेवर तापणाऱ्या कड्यामुळे वाफ होऊन उडाले, की तेवढेच खालून वर येते.

समई लावणाऱ्या प्रत्येकाला याची उलट बाजू ठाऊक आहे. वात नीट बसवली तर रात्रभर शांत जळते. तिचे टोक काठावरून बाहेर लोंबले आणि तेलाच्या पातळीच्या खाली गेले, की सकाळी समईखाली तेलाचे थारोळे होते. वात तीच, तेल तेच. फक्त तेलाला वातीबाहेर जायला एक वाट मिळालेली असते. मशीनमध्येही हेच होते. वात वाकडी बसून गरम कड्याला टेकली, किंवा तिच्या टोकाशी धूळ आणि केसांचे पुंजके अडकले, की तेल त्या आधाराने पुढे सरकते, कड्यावर करपून तपकिरी होते आणि उरलेले प्लास्टिकवरून पसरत खाली येते. या तेलाचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा धरून ठेवणारी पृष्ठभागाची ओढ, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ते थेंब धरून न राहता पातळ थराने पसरते. म्हणूनच गळती दिसते एकीकडे आणि तिचा उगम असतो दुसरीकडे.

तरीही माझ्या मते बहुतेक गळतीचे मूळ वातीत नसते, बाटलीत साठलेल्या हवेत असते. तेल जसजसे उडते तसतशी त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. ती आली नाही तर आत दाब उतरतो आणि वात कोरडी पडू लागते. म्हणून वात आणि बूच यांच्यामध्ये हवेला शिरण्यापुरती बारीक फट असावी लागते. बाटली सरळ उभी असते तोवर ही फट तेलाच्या पातळीच्या वर राहते आणि हवेची ये-जा बिनबोभाट चालते. बाटली कलली, की तेल फटीशी येऊन ती बुजवते. आता आतली हवा कोंडली गेली. रात्री मशीन सुरू झाल्यावर ती हवा समजा सहा अंशांनी तापली, तर साधारण दोन टक्क्यांनी फुगते. निम्म्या बाटलीत २० मिलिलिटर हवा असेल, तर जवळपास ०.४ मिलिलिटर तेल फटीतून किंवा वातीतून बाहेर ढकलले जाते. सकाळी मशीन बंद झाले की हवा थंड होऊन आक्रसते, बाहेरची थोडी हवा आत घेते आणि रात्री पुन्हा तोच फेरा सुरू होतो. भरलेल्या बाटलीत फुगायला हवाच फारशी नसते; त्यामुळे नवी असताना न गळणारी बाटली निम्मी झाल्यावर गळू लागते.

आमच्या घरी नेमके हेच घडत होते. सॉकेट सैल झाल्याने मशीन स्वतःच्या वजनाने पुढे झुकले होते, आणि हा झुकाव इतका थोडा होता की समोरून पाहताना कळतही नव्हता.

मुंबईहून सामान हलवताना वापरलेली बाटली बॅगेत आडवी टाकली, तर घाट चढतानाही असेच घडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मुंबईत हवेचा दाब १,०१० हेक्टोपास्कलच्या (हे दाब मोजण्याचे एकक) आसपास असतो, तर इथे सुमारे ९५०. म्हणजे बोरघाट चढून वर येईपर्यंत बाटलीतली हवा सहा टक्क्यांनी फुगू पाहते, आणि २० मिलिलिटर हवेमागे सव्वा मिलिलिटर तेल कपड्यांत उतरते. प्रवासात बाटली उभी ठेवावी, टोपण घट्ट लावावे आणि ती वेगळ्या पिशवीत बांधावी.

ई-सिगारेटची रचना या मशीनशी इतकी मिळतीजुळती आहे, की तिच्या गळतीचे विज्ञानही हेच आहे: टाकी, कापसाची वात आणि तापणारी तार. तिच्यातले ग्लिसरीन घट्ट असते, पण २० वरून ३० अंशांवर जाताच त्याचा घट्टपणा निम्म्याहून कमी होतो आणि ते वातीतून नको तितके झिरपते. तिचे उत्पादन, आयात आणि विक्री भारतात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. तिच्यातून गळणारे निकोटिन कातडीतूनही अंगात शिरते, हे ती चोरून वापरणाऱ्या मुलांच्या पालकांना माहीत असायला हवे.

आपल्या मशीनची गळती शोधायची, तर आधी बटण बंद करून मशीन बोर्डावरून काढावे आणि थंड होऊ द्यावे. बाटलीचा गळा कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून त्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळावी आणि बाटली मशीनबाहेर, कोरडी आणि सरळ, रात्रभर उभी ठेवावी. बुचाखालची पट्टी सकाळी भिजलेली असेल, तर बूच नीट बसलेले नाही. ती कोरडी असेल, तर दोष वातीच्या टेकण्यात, उष्णतेत किंवा कलण्यात आहे. बाटली लावताना वात कड्याच्या मधोमध जाते की नाही हे वरच्या झरोक्यातून डोळ्यांनी पाहावे; जोर लावून दाबल्याने बूच तिरपे होते. रिकाम्या बाटलीत रॉकेल, कापूर आणि टर्पेंटाइनचे मिश्रण भरण्याची घरगुती युक्ती मात्र करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. टर्पेंटाइनने काही प्लास्टिक मऊ पडतात, कापूर वातीत साचून छिद्रे बुजवतो आणि असे ज्वालाग्राही मिश्रण तापत्या कड्याजवळ ठेवणे सरळ धोक्याचे आहे.

सांडलेले तेल हातात पिशवी घालून पुसावे आणि मग ती जागा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. बोर्डाजवळ पाणी ओतू नये. हे तेल मोरीत सोडू नये, कारण ही रसायने माशांना फार विषारी असतात. घरात मत्स्यपेटी असेल तर मशीन त्या खोलीत लावूच नये. लहान मुलाने तेल तोंडात घातले तर त्याला उलटी करवू नये. उलटीबरोबर हे पातळ तेल फुफ्फुसात उतरण्याची भीती असते आणि तोच खरा धोका आहे. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

सॉकेट बदलून घेतल्यावर नवी बाटली मी आठवडाभर रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली. ४५ मिलिलिटरची बाटली ४५ रात्री पुरायची असेल, तर रात्रीला एक मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे ०.८ ग्रॅम कमी व्हायला हवे. काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असल्याने पहिल्या सकाळचा आकडा फसवा होता. सात रात्रींनंतर मिळून सहा ग्रॅम उतरले होते, आणि बुचाभोवतीची पट्टी कोरडी होती.