फडणीसातला फड कुठला?

चिटणीस, पोतनीस, जमेनीस, सबनीस, पारसनीस. दारांवरच्या पाट्या वाचत जावे तर शेपूट एकच. हे ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. शब्दाचे कूळ फार जुने आहे: इराणातल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात त्याचा पूर्वज सापडतो आणि अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखातला ‘निपिस्त’ (लिहिलेला) त्याच घरातला. आपल्याकडे तो रुळला सुलतानांच्या दफ्तरांतून. बोलण्याच्या घाईत ‘नवीस’चे ‘नीस’ झाले. नागपूरकडे चिटणवीस अजून पूर्ण उच्चारतात.

घोळ आहे तो फडणीसाचा. एक मत म्हणते, मूळ ‘फर्दनवीस’. फर्द म्हणजे सुटा कागद, याद. पंजाबात जमिनीच्या नोंदीचा उतारा आजही फर्दच. दुसरे मत म्हणते, फर्द कशाला हवा, आपला ‘फड’ आहे की. फड म्हणजे कारकुनांची बैठक, कचेरी. तमाशाचा, कुस्तीचा, उसाचा असतो तसाच. मराठी शब्दाला फारसी शेपूट कसे, हा आक्षेप टिकत नाही, कारण ‘चिटणीस’मधली चिठ्ठी तरी कुठे फारसी आहे?

फर्दवाले मग इंग्रजांच्या कागदांकडे बोट दाखवतात. पेशवाईतल्या प्रसिद्ध कारभाऱ्याचे पद तिथे ‘फर्नवीस’ असे उमटले आहे, म्हणजे ‘र’ ऐकू येत होता. पण याच साहेबांनी गायकवाडांचे ‘गायकवार’ केले. त्यांच्या कानाला आपला ‘ड’ तसाच लागायचा. हा पुरावा बाद. तरीही मला फर्दच पटतो. हिशेबाच्या यादी ठेवणे हे या माणसाचे रोजचे काम. फडात तर सगळेच बसत, मग एकट्यालाच फडाचे नाव का? शब्द फर्दचा आणि उच्चार फडाने ओढून घेतलेला, असे झाले असावे.

१६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांची फारसी नावे बदलली. सुरनीसाचा सचिव झाला, वाकनीसाचा मंत्री. मोठी पदे संस्कृतात गेली, लेखणी घासणारे मात्र नीसच राहिले. पुढच्या शतकात पुण्यात त्यातलाच एक, फडणीस, कारभाराच्या शेंड्यावर जाऊन बसला. १८१८ला राज्य गेले, पदे गेली, आडनावे उरली.

मुंबईतल्या सचिवालयाचे १९७५ साली मंत्रालय झाले, तेव्हा सुरनीसाच्या जागी वाकनीस आला, एवढेच. पक्षांच्या पत्रकांखाली सही अजून सरचिटणीसाचीच असते.