बाजारपेठेचा विस्तार

बाजारपेठेचा विस्तार : परवडेल अशा वाहतूकखर्चात एखादा माल जितक्या ऐपतदार गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचतो, ती त्याच्या खपाची मर्यादा. देशाची लोकसंख्या म्हणजे बाजारपेठ नव्हे. सिमेंट जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त. त्याची बाजारपेठ काही शे किलोमीटरांत संपते. सॉफ्टवेअरला देशाची सीमाही आडवी येत नाही.

श्रमविभाजन, म्हणजे एकेकाने एकेकच काम करणे, बाजारपेठेच्या विस्ताराइतकेच वाढू शकते, ही कल्पना सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या (1776) नावावर मांडली जाते. त्याचा दाखला खिळे करणाऱ्या लोहाराचा आहे. रोज 1,000 खिळे धरले, तर 300 दिवसांत 3,00,000 होतात. पण स्कॉटलंडच्या दुर्गम डोंगराळ मुलखात वर्षाकाठी हजारही खपत नाहीत, म्हणून तिथला लोहार लोखंडाचे पडेल ते काम करतो. याच्या पुष्कळ आधी, बहुधा इ. स. पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात, ग्रीक लेखक झेनोफनने लिहिले आहे की, लहान गावात एकच कारागीर खाट, दार, नांगर आणि मेज बनवतो. मोठ्या शहरात मात्र एक जण पुरुषांचे जोडे करतो, तर दुसरा बायकांचे. काही अभ्यासक यालाच सिद्धांताचा उगम मानतात. झेनोफनचा रोख कामाच्या दर्जावर आहे, उत्पादनवाढीवर नाही, हे प्राचीन इतिहासाचे अभ्यासक एम. आय. फिन्ली यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. श्रमविभाजनामुळे बाजारपेठही रुंदावते, ही दुसरी बाजू अर्थशास्त्रज्ञ ॲलिन यंग यांनी 1928 मध्ये मांडली.

मोठ्या खपाचा फायदा मुख्यतः स्थिर खर्चातून, म्हणजे नग कितीही केले तरी तेवढाच राहणाऱ्या खर्चातून येतो. साचे, यंत्रे व संशोधन यांवर 10 कोटी रुपये लागले, तर 1 लाख नगांवर प्रत्येकी 1,000 रुपये चढतात, 1 कोटी नगांवर 10. रसायन कारखान्यांत ढोबळ नियम असा : क्षमता दुप्पट केली की उभारणीचा खर्च सुमारे दीडपट होतो. मात्र खप न येता क्षमता वाढवली, तर हाच स्थिर खर्च उलटतो आणि कारखाना व्याजाखाली दबतो.

घरच्या मागणीतून निर्यात उभी राहते, असे अर्थशास्त्रज्ञ लिंडर (1961) यांनी सुचवले व क्रुगमन (1980) यांनी गणिताने मांडले. सर्वच मालांना सारखाच वाहतूकखर्च धरला, तर हा परिणाम नाहीसा होऊ शकतो, हे डेव्हिस (1998) यांनी दाखवले. लहान देश घरच्या अपुऱ्या मागणीला वळसा घालतात. फिनलंडची लोकसंख्या 50 लाखांच्या आत असताना उत्तर युरोपातील नॉर्डिक देशांनी 1981 मध्ये एकच मोबाइल मानक (फोन व जाळ्यासाठी समान तांत्रिक नियम) वापरात आणले. त्यामुळे फिनलंडच्या नोकिया कंपनीला सुरुवातीपासूनच शेजारच्या देशांची बाजारपेठ मिळाली.

मोठा देशही आतून तुटक असू शकतो. भारतात आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर (शेवटच्या काळात 2 टक्के) असे. दुसऱ्या राज्यातील स्वतःच्याच गोदामात माल हलवला, तर तो लागत नसे. त्यामुळे कंपन्या गरज नसतानाही राज्याराज्यांत गोदामे ठेवत. साठा विखुरला जाई : एका डेपोत माल पडून, तर दुसऱ्यात तुटवडा. मुंबईच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. भिवंडीत गोदामे वाढण्यामागे ते गाव मुंबईच्या जकातहद्दीबाहेर असणे हेही एक कारण होते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. आता दोन राज्यांतील शाखांमधील हस्तांतरावरही कर लागतो, पण पुढच्या विक्रीवरील करातून त्याची वजावट मिळते. म्हणून गोदामाची जागा कर पाहून नव्हे, तर गिऱ्हाईक आणि रस्ता पाहून ठरवता येते.