छत्तीस आणि बावीस: आमदारांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत राजकारणाचा विषय निघाला की दोन आकडे येतातच. छत्तीस आणि बावीस. जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार राजमाता विजयाराजे शिंदे यांच्याबरोबर गेले आणि मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार कोसळलं. मार्च २०२० मध्ये २२ आमदारांनी राजीनामे दिले, ते त्यांचे नातू ज्योतिरादित्य यांच्यासाठी, आणि कमलनाथांची खुर्ची गेली. (वर्तमानपत्रं 'सिंधिया' लिहितात. घरात आम्ही शिंदेच म्हणतो, तसं वाड्याचा 'बाडा' झाला तरी पत्त्यात निमूट 'महाराज बाडा'च लिहितो.) चिटणीस की गोठपासून फालका बाजारापर्यंत या दोन आकड्यांवर निष्ठा, अपमान, सूड अशी सगळी स्पष्टीकरणं ऐकायला मिळतात. पण निवडून दिलेली माणसं सभागृहात अशी का वागतात, ही राज्यशास्त्रातली एक रीतसर अभ्यासशाखा आहे, आणि भारतात तिला वळण मिळालं ते पहिल्या आकड्याच्या सुमारास.

सुरुवात अर्थातच दुसरीकडे झाली. वुड्रो विल्सन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८८५ मध्ये, तरुण अभ्यासक असताना, त्यांनी लिहून ठेवलं की अधिवेशनात दिसते ती काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) लोकांपुढे मांडलेली, कामातली काँग्रेस समित्यांच्या खोल्यांत असते. मग लॉरेन्स लॉवेल यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर मतांची मोजदाद सुरू केली. एका पक्षाचे नव्वद टक्क्यांहून जास्त सदस्य एकाच बाजूला पडले तर ते पक्षाचं मत धरायचं, अशी त्यांची सोपी फूटपट्टी होती. ब्रिटनमध्ये पक्षाची पकड घट्ट होत गेली आणि अमेरिकेत ती बरीच सैल राहिली, हे तिच्यातून दिसलं. तिथून पुढे मतविभाजनाचे कागद हा या शाखेचा कच्चा माल झाला. कोण कोणाबरोबर उभा राहिला, किती वेळा, कुठे फुटला, याची गणितं आजही चालू आहेत.

मला स्वतःला या आकडेमोडीपेक्षा रिचर्ड फेनो जवळचे वाटतात. त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या १८ प्रतिनिधींच्या मतदारसंघांत त्यांच्यासोबत प्रवास केला. गाडीत बसायचं, सभेत मागे उभं राहायचं, माणूस कोणापुढे कसा बोलतो ते पाहायचं. त्यातून १९७८ मध्ये पुस्तक आलं. लोक काँग्रेसला नावं ठेवतात आणि आपल्या प्रतिनिधीवर जीव टाकतात, हा विरोधाभास आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ग्वाल्हेरात हे शोधायला प्रवास लागत नाही. 'सगळे चोर' म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात 'आपले महाराज तसे नाहीत हं' म्हणतो.

आपल्याकडे मात्र या विषयाची जडणघडण वेगळी झाली. मॉरिस-जोन्स या इंग्रज अभ्यासकाचं भारतीय संसदेवरचं पुस्तक १९५७ मध्ये आलं. त्यात प्रश्न होता संस्था रुजेल का, हा. त्याच्या आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मध्यभारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं आणि मोतीमहालातली विधानसभाही संपली. तोवर आमदार पाहायचे तर भोपाळला जावं लागत नसे.

मग १९६७ आलं. विजयाराजे त्या वर्षी काँग्रेस सोडून जनसंघाच्या तिकिटावर करेराहून विधानसभेत आल्या होत्या. छत्तीस जण फुटले, ३० जुलैला गोविंद नारायण सिंह संयुक्त विधायक दल या काँग्रेसविरोधी आघाडीचे मुख्यमंत्री झाले. गंमत अशी की तेही काँग्रेस सोडून आलेले, आणि १९६९ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये परतलेले. त्याच वर्षी हरियाणात गया लाल एकामागून एक पक्ष बदलत होते आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला मिळत होता. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मांडलेले आकडे अजून उद्धृत होतात. पहिल्या ते चौथ्या निवडणुकीपर्यंतच्या पूर्ण काळात सुमारे ५४२ पक्षांतरं, आणि मार्च १९६७ नंतरच्या एकाच वर्षात किमान ४३८. सात राज्यांतल्या, त्यांत आपलं मध्य प्रदेशही आलं, सुमारे २१० फुटीर आमदारांपैकी ११६ मंत्री झाले. निष्ठा आणि अपमानाच्या गोष्टींवर गोठीत कितीही वाद घाला, हा ११६ चा आकडा बराच बोलका आहे. सुभाष कश्यप यांनी राज्याराज्यांतल्या पक्षांतरांवर १९६९ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे ते लोकसभेचे महासचिव झाले.

१९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्षांतरबंदी, झाली. पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाणार, पण एकतृतीयांश एकत्र फुटले तर चालणार. किरकोळीला बंदी, घाऊकीला मोकळीक, असा तिच्यावर आक्षेप होता. २००३ मध्ये ती एकतृतीयांशाची वाट बंद झाली, दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची उरली, आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली गेली.

अभ्यासकांची अडचण इथून सुरू होते. प्रतोदाने सांगितलं तसं मत पडणार हे आधीच ठरलेलं असेल, तर लॉवेलची फूटपट्टी काय मोजणार? त्यातून बरेचसे निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष 'हां की जीत हुई' म्हणतात, आणि कोण 'हां' म्हणालं याची नोंदच राहत नाही. म्हणून भारतात लोक दुसऱ्या खिडक्या शोधू लागले. हजेरी, तारांकित प्रश्न, खासदार निधी. निधीवरचा कीफर आणि खेमानी यांचा २००९ चा अभ्यास मजेशीर आहे. जो मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला, तिथे खासदार निधी खर्चायला कमी धडपडतो, असं त्यांना आढळलं. मत पक्षाला मिळणारच असेल तर हातपंप कशाला, असा साधा हिशेब. बालेकिल्ल्याच्या गावात राहणाऱ्यांना तो ऐकून फारसं नवल वाटणार नाही.

आणि मग बावीस. या वेळी कोणी पक्षादेश मोडला नाही. बेंगळुरूहून राजीनामे आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या बहुमत चाचणीआधीच, २० मार्चला, कमलनाथांनी राजीनामा दिला. सरकार गेलं, पण मतविभाजनाच्या वहीत एकही ओळ पडली नाही. नोव्हेंबरात २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या. भाजपला १९, काँग्रेसला ९. ग्वाल्हेर शहरातच प्रद्युम्नसिंह तोमर निवडून आले आणि पलीकडे ग्वाल्हेर पूर्वमध्ये मुन्नालाल गोयल पडले. दोघेही एकाच नेत्यासाठी काँग्रेस सोडून आलेले. पूर्वमध्ये जिंकले ते काँग्रेसचे सतीश सिकरवार, जे भाजपमधून तिकडे गेले होते.