तीन टक्क्यांवर मोडलेली युती

नोव्हेंबर 2023मध्ये तैवानच्या दोन विरोधी पक्षांनी अध्यक्षपदाचा संयुक्त उमेदवार जनमत चाचण्यांवरून ठरवण्याचे मान्य केले. सत्ताधारी पक्षाच्या लाई चिंग-दे यांच्यासमोर कुओमिंतांगचे होउ यू-यी अधिक प्रबळ ठरतात की तैवान पीपल्स पार्टीचे को वेन-जे, एवढेच त्यांतून पाहायचे होते. मात्र 15 नोव्हेंबरच्या करारात एक कलम असे होते, की दोघांतील फरक त्रुटीमर्यादेच्या, म्हणजे सर्वांऐवजी काही जणांनाच विचारल्यामुळे आकड्यात पडू शकणाऱ्या फरकाच्या, आत असल्यास त्या चाचणीचा गुण होउ यांना मिळावा. तीनच दिवसांत कुओमिंतांगने सहा चाचण्यांचा निकाल होउ यांच्या बाजूने पाच विरुद्ध एक असा सांगितला, तर को यांच्या पक्षाने तीन विरुद्ध तीन.

चाचण्या त्याच होत्या. भांडण त्रुटीमर्यादेचे होते. सुमारे 1068 जणांच्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावा तशा, नमुन्यात कोणत्याही एका टक्केवारीला, 95 टक्के विश्वासपातळी (शंभरातल्या सुमारे 95 नमुन्यांत खरा आकडा मर्यादेत सापडावा अशी अट) धरली, तर जास्तीत जास्त 3 टक्के अधिक-उणे अशी मर्यादा लागते. कुओमिंतांगने दोन्ही बाजूंचे 3 टक्के एकत्र करून 6 टक्क्यांपर्यंतची आघाडी बरोबरीत काढली, तर को यांच्या पक्षाने केवळ दीड टक्का अधिक-उणे, म्हणजे एकूण 3 टक्के, मान्य केले.

माझ्या मते संख्याशास्त्राच्या कसोटीवर दोन्ही हिशेब कच्चे होते, कारण छापलेली मर्यादा एकेका आकड्याची असते, दोन आकड्यांमधील फरकाची नव्हे. अध्यक्षपदाला होउ आणि उपाध्यक्षपदाला को, किंवा याच्या उलट, अशा दोन्ही जोड्यांविषयी वेगवेगळ्या नमुन्यांना विचारले, तर फरकाची मर्यादा साधारण 4.2 टक्के येते. दोन्ही प्रश्न त्याच लोकांना विचारले असतील, तर बहुतेकांचे उत्तर बदलत नाही आणि अनिश्चितता केवळ उत्तर बदलणाऱ्यांपुरती उरते. असे लोक शंभरात दहा असतील, तर ती 2 टक्क्यांच्याही किंचित खाली येते. म्हणजे करारात नुसती त्रुटीमर्यादा लिहून भागणारे नव्हते. ती कशाची आणि कोणत्या सूत्राने काढायची, हे आकडे हाती येण्यापूर्वीच ठरवणे आवश्यक होते.

शिवाय हे सारे गणित नमुना खरोखर यादृच्छिक असल्याचे गृहीत धरते. को यांचा पाठिंबा तरुणांमध्ये अधिक होता, आणि घरच्या दूरध्वनीवर घेतलेल्या चाचणीत तरुण कमी सापडतात. ही चूक नमुना कितीही मोठा केला तरी कमी होत नाही.

24 नोव्हेंबरला दोघांनी स्वतंत्र अर्ज भरले. 13 जानेवारी 2024 रोजी लाई 40.05 टक्के मतांनी निवडून आले. होउ यांना 33.49 आणि को यांना 26.46 टक्के मते मिळाली. या दोन आकड्यांची बेरीज करून युती जिंकलीच असती, असे म्हणता येत नाही, कारण एकाचा मतदार दुसऱ्याकडे वळतोच असे नाही.