फंक्शनल शैलीतील ग्राफ अल्गोरिदम

नोड (बिंदू) आणि एज (त्यांना जोडणाऱ्या रेषा) यांच्या जाळ्यावर, म्हणजे ग्राफवर, चालणारे अल्गोरिदम, एकदा ठरलेली कोणतीही किंमत पुन्हा न बदलता लिहिण्याची पद्धत. हॅस्केलसारख्या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषांत लिस्ट सहज हाताळता येते, कारण ती म्हणजे पहिला घटक आणि मागे उरलेली लिस्ट. ग्राफला ना डोके ना शेपूट; शिवाय फिरत फिरत त्याच नोडवर परत येता येते. म्हणून एरवी पाहून झालेल्या नोडवर खूण करत पुढे जातात. खूण म्हणजे मेमरीतला बदल, आणि बंदी नेमकी त्यालाच. पाहिलेल्या नोडांचा सेट एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे देत राहिले तर काम भागते, पण कोड बोजड होतो.

डेव्हिड किंग आणि जॉन लॉन्चबरी यांनी १९९५ मध्ये डेप्थ-फर्स्ट सर्च (एक वाट शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा शोध) वेगळ्या तऱ्हेने मांडला. आधी सगळ्या वाटांचा ट्री उभा करायचा (ग्राफमध्ये चक्र असेल तर तो अनंत), मग पुन्हा आलेल्या फांद्या छाटायच्या. लेझी इव्हॅल्युएशनमुळे (किंमत गरज पडेल तेव्हाच काढण्यामुळे) छाटलेली फांदी प्रत्यक्षात वाढतच नाही. छाटणीच्या वेळी मात्र खुणांचा ॲरे बदलतोच, फक्त तो एसटी मोनॅडच्या (आतला बदल बाहेर दिसू न देणाऱ्या हॅस्केलच्या सोयीच्या) आड असतो. कर्मठांना ही पळवाट वाटेल. पण वेग शाबूत राहतो.

मार्टिन एर्विग यांनी २००१ मध्ये मांडलेल्या कल्पनेत खूणच लागत नाही. ग्राफ एकतर रिकामा, नाहीतर एक नोड, त्याला लागलेल्या एज आणि उरलेला ग्राफ. 'मॅच' हे फंक्शन हवा तो नोड त्याच्या एजसकट सोडवून देते. समजा १→२, १→३, २→४, ३→४ आणि ४→१ अशा एज आहेत. १ काढला की प्रतीक्षायादीत २, ३ येतात आणि ४→१ ही एजही जाते. २ काढल्यावर ४ यादीच्या पुढे लावला तर क्रम १, २, ४, ३ असा येतो: हा डेप्थ-फर्स्ट. तोच ४ मागे लावला तर १, २, ३, ४: हा ब्रेड्थ-फर्स्ट (आधी जवळचे सगळे नोड पाहणारा). इथे ४ यादीत दोनदा येतो, पण दुसऱ्या वेळी तो ग्राफमध्ये सापडतच नाही, म्हणून गळतो. यादीच्या जागी हीप (सर्वात लहान किंमत आधी देणारी रचना) ठेवली की सर्वात कमी अंतराची वाट शोधणारा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम जवळपास तयार होतो.

या सुबकपणाची किंमत वेगात मोजावी लागते: ग्राफ ट्रीमध्ये साठवलेला असल्याने नोड शोधणे ॲरेइतके झटपट होत नाही. हॅस्केलमध्ये दोन्ही वाटा खुल्या आहेत, पहिली 'कंटेनर्स' पॅकेजमध्ये आणि दुसरी 'एफजीएल' लायब्ररीत.