नॉनडिनॉमिनेशनल आणि इंटरडिनॉमिनेशनल, दोन्ही एकच का?

"नॉनडिनॉमिनेशनल चर्च म्हणजे जिथे सगळ्या पंथांचे लोक एकत्र येतात तेच ना?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. नाही, ते इंटरडिनॉमिनेशनल.

इंटरडिनॉमिनेशनलमध्ये पंथ जिथल्या तिथे असतात, मेथडिस्ट मेथडिस्टच राहतो, बाप्टिस्ट बाप्टिस्टच, फक्त एखाद्या कामापुरते सगळे एका टेबलावर बसतात. लंडनमध्ये 1804 ला सुरू झालेली बायबल सोसायटी बघा. कमिटीत अँग्लिकन 15, बाकीच्या प्रोटेस्टंट पंथांचे 15 आणि परदेशी 6, आणि नियम असा की छापायचं ते नुसतं पवित्र शास्त्र, टीपा नाहीत की भाष्य नाही, कारण टीप आली की भांडण आलंच! म्हणजे मतभेद मिटलेले नव्हते, ते बाजूला ठेवले होते.

नॉनडिनॉमिनेशनल मंडळीचं, म्हणजे कुठल्याच पंथात नसलेल्या एकेका चर्चच्या समुदायाचं, तसं नाही. तिच्या वर कोणीच नसतं. बिशप नाही, डायोसिस (बिशपच्या हाताखालचा प्रांत) नाही, बदलीची ऑर्डर नाही. पाळक (पास्टर) कोण, वडील (मंडळीचा कारभार बघणारे एल्डर) कोण, दानाचा पैसा कुठे जाणार, उपासना कशी होणार, सगळं तिथल्या तिथे ठरतं. नवीन काम सुरू करायचंय तर वरच्या ऑफिसच्या परवानगीची वाट बघत बसायला नको, आणि नवरा एका पंथातला बायको दुसऱ्या पंथातली असेल तर "कोण कोणाच्या चर्चला जाणार" हा वादही जरा सौम्य होतो.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा जमिनीचा, आणि त्याबद्दलच कोणी बोलत नाही. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये ट्रस्ट क्लॉज आहे, म्हणजे इमारत बांधली मंडळीने, पैसे दिले मंडळीने, पण ती धरलेली असते अख्ख्या पंथासाठी. 2019 ते 2023 मध्ये तिथून सुमारे 7600 मंडळ्या बाहेर पडल्या तेव्हा इमारत सोबत न्यायची तर पंथाला द्यायचा वाटा, पाळकांच्या पेन्शनचा भार वगैरे भरावं लागलं. स्वतंत्र मंडळीला हा प्रश्नच येत नाही.

आता दुसरी बाजू. वर कोणी नाही म्हणजे तक्रार न्यायलाही कोणी नाही. विलो क्रीक हे शिकागोजवळचं प्रसिद्ध स्वतंत्र चर्च, तिथे 2018 मध्ये संस्थापक पाळकांवर आरोप झाले, वडीलमंडळींनी आधी त्यांचीच बाजू घेतली आणि काही महिन्यांनी माफी मागून सगळेच्या सगळे पायउतार झाले. बिशप असला की सगळं ठीक होतं असं अजिबात नाही हं, पण निदान दार ठोठावायला एक दार असतं.

आणि बिनपंथी म्हणजे बिनसिद्धांताची नव्हे. यातल्या बऱ्याच मंडळ्या मोठ्यांनाच आणि पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देतात, म्हणजे पाटी नसली तरी वळण बाप्टिस्टच. केंटकीत 1804 मध्ये बार्टन स्टोन आणि सोबत्यांनी आपली प्रेस्बिटरी, म्हणजे मंडळ्यांवर देखरेख करणारी सभा, बरखास्त केली, चक्क तिचं मृत्युपत्र लिहून, "आम्ही नुसते ख्रिस्ती" असं म्हणत. त्याच चळवळीतून पुढे वेगवेगळे गट झाले आणि आज लोक त्यांनाही डिनॉमिनेशन म्हणूनच मोजतात, घ्या!

बाकी संख्येने हे लोक जोरात आहेत. अमेरिकेच्या 2020 च्या धार्मिक गणनेत अशा 44,319 मंडळ्या आणि जवळपास 2.1 कोटी लोक निघाले, 2010 मध्ये 35,496 आणि 1.22 कोटी होते. हेड ऑफिसच नाही, त्यामुळे यादी मागायची कोणाकडे? मोजणाऱ्यांना एकेक मंडळी शोधत बसावं लागतं.

नावावरून मात्र काही ठरवू नका. कॅलिफोर्नियाच्या सॅडलबॅक चर्चच्या नावात बाप्टिस्ट शब्दच नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ते पहिल्यापासून स्वतंत्र वाटायचं, पण ते सदर्न बाप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या बाप्टिस्ट पंथातलं होतं आणि 2023 मध्ये बाईला पाळक केल्यावरून त्यांना बाहेर काढलं. तिथेही गंमत अशी की सदर्न बाप्टिस्टांमध्ये प्रत्येक मंडळी स्वायत्तच असते, पाळक ती स्वतःच निवडते, इमारतही तिचीच, त्यामुळे काढलं तरी सॅडलबॅकची इमारतही गेली नाही आणि पाळकही बदलावे लागले नाहीत, फक्त नातं तुटलं.